वर्गणीवर की जाहिरातीवर?

ठरल्या दिवशी ईमेलने पत्र पाठवायचं आणि त्यावर घर चालवायचं, हा धंदा अमेरिकेत आता नवा राहिलेला नाही. त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या, कोट्यवधी डॉलरना विकल्या गेल्या, काही गुंडाळल्याही गेल्या. टपालाने वर्गणीदारांना माहितीचं पत्र पाठवायची तिथली पद्धत तर त्याहून जुनी आहे. वॉशिंग्टनचं ‘किपलिंगर लेटर’ १९२३ पासून निघतं आहे. मराठीत मात्र असं काही काढायचं म्हटलं की लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, मराठी माणूस वाचायला पैसे देत नाही, तेव्हा पत्र फुकट द्या आणि जाहिराती घ्या. दुसऱ्याचं म्हणणं, फुकट दिलेल्या पत्राला किंमत राहत नाही, तेव्हा पहिल्यापासून वर्गणी घ्या.

हे दोन तट इथे एका काकांच्या आणि त्यांच्या पुतणीच्या तोंडी दिले आहेत. दोघं कल्पित आहेत. कंपन्यांचे, पत्रांचे आणि नियमांचे दाखले मात्र खरे आहेत, आणि जिथे अंदाजाने गणित मांडलं आहे तिथे तसं म्हटलं आहे. काकांनी पुण्यातल्या एका मासिकाचा जाहिरात विभाग निवृत्त होईपर्यंत सांभाळला. पुतणी ठाण्यात असते. जी.डी.सी. अँड ए. ही सहकार खात्याची पदविका घेऊन ती गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहिते. सोसायटीच्या कमिटीवर असलेल्या माणसांसाठी दर मंगळवारी मराठीत एक न्यूजलेटर काढायचं तिच्या मनात आहे.

“विषय चांगला आहे,” काका म्हणाले, “पण पैसे कोण देणार ते आधी सांग.”

“वाचक देतील, काका.”

“अगं, बाहेरच्यांना वाटतं दिवाळी अंक विक्रीवर निघतो. आम्ही जून-जुलैतच दरपत्रक घेऊन बाहेर पडायचो. मलपृष्ठ, मुखपृष्ठाच्या आतली बाजू आणि आतली रंगीत पानं विकली गेली की छपाईची काळजी मिटायची. विक्रीचा पैसा विक्रेत्याचं कमिशन जाऊन, परतीचे अंक वजा होऊन, कधी हातात पडायचा याचा भरवसा नसे. वर्गणीदार हा अंकाचा मान असतो. अंकाचं पोट जाहिरातच भरते.”

काकांचा अनुभव खोटा नाही, आणि त्यांच्या बाजूने सगळ्यात मोठा दाखला अमेरिकेतून मिळतो. मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या अ‍ॅलेक्स लिबरमनने बाजारातल्या घडामोडींचं एक छोटं टिपण तयार करून मित्रांना पाठवायला सुरुवात केली. ऑस्टिन रीफ हा दुसरा विद्यार्थी त्याला येऊन मिळाला आणि २०१५ मध्ये ‘मॉर्निंग ब्रू’ उभं राहिलं. दोघं वर्गावर्गांत जायचे, दोन मिनिटं बोलायचे आणि कागद फिरवून ईमेलचे पत्ते लिहून घ्यायचे. पुढे त्यांनी वाचकांनाच प्रचारक केलं. इतके मित्र आणलेस तर स्टिकर, इतके आणलेस तर कॉफीचा मग, आणखी आणलेस तर टी-शर्ट. पत्र वाचकाला फुकट, कमाई मुख्यतः जाहिरातींची. ऑक्टोबर २०२० मध्ये बिझनेस इनसायडरच्या मालक कंपनीने त्यातला मोठा हिस्सा घेतला, तेव्हा कंपनीची किंमत ७ कोटी ५० लाख डॉलर धरली गेली.

“बघ,” काका म्हणाले. “कागद फिरवून पत्ते गोळा केले त्यांनी. वाचकाकडून एक छदाम घेतला नाही.”

“पण काका, त्यांना लाखो वाचक लागले. मॉर्निंग ब्रू इंग्रजीत होतं, वाचक तरुण, हातात पैसा असलेले, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्या रांगेत उभ्या. मी हजार वाचकांमागे किती मागणार? अंदाजाने पाचशे रुपये धरा. पाच हजार वाचक झाले तरी एका अंकाचे अडीच हजार. वर्षाच्या पन्नास अंकांचे सव्वा लाख. त्यासाठी मी आठवड्याचे दोन दिवस द्यायचे?”

“मग वर्गणीचं गणित मांड.”

ते मांडण्याआधी तिने बेन थॉम्पसनचं उदाहरण दिलं. हा अमेरिकन माणूस तैपेईत राहून ‘स्ट्रॅटेचरी’ नावाचं पत्र लिहू लागला. विषय एकच, तंत्रज्ञान कंपन्यांचा धंदा कसा चालतो. सुरुवात २०१३ मध्ये, आणि एप्रिल २०१४ मध्ये त्याने वर्गणी लावली. आठवड्याचा मोठा लेख सगळ्यांना फुकट आणि रोजचं टिपण वर्गणीदारांनाच, महिन्याला दहा डॉलर. वर्षभराच्या आत त्याच्याकडे दोन हजारांहून जास्त वर्गणीदार झाले. ना वितरक, ना कागदाचा भाव, ना जाहिरात विभाग. दुसरं उदाहरण बिल बिशपच्या ‘सिनोसिझम’चं. चीनबद्दलचं हे पत्र त्याने काही वर्षं फुकट चालवलं. मुत्सद्दी, गुंतवणूकदार, पत्रकार ते नेमाने वाचत. ऑक्टोबर २०१७ मध्ये लेखकांना वर्गणीची पत्रं चालवायची सोय देणारी सबस्टॅक ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिच्यावरचं ते पहिलं पत्र ठरलं. वर्गणी लावल्याच्या पहिल्याच दिवशी लाखभर डॉलर जमा झाले असं तेव्हा छापून आलं होतं.

“काही वर्षं फुकट,” काकांनी तेवढंच उचललं. “तुला चालेल?”

त्यांचा मुद्दा बरोबर होता. वर्गणीच्या बाजूने बोलणारे बिशपचा तो एक दिवस सांगतात आणि आधीची वर्षं गाळतात. सबस्टॅक स्वतः लेखकांना सांगतं की फुकट वाचकांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोक पैसे देतील असं धरा. त्यातला खालचा आकडा घेतला तरी ४०० वर्गणीदारांसाठी ८,००० माणसं आधी यादीत हवीत. मराठीत एका अरुंद विषयाला आठ हजार पत्ते जमवणं हे वर्षा-दोन वर्षांचं काम आहे.

“आणि ते इंग्रजीत लिहितात,” काका पुढे म्हणाले. “सगळं जग त्यांचं गिऱ्हाईक. आपल्याकडे इंग्रजीत चालतंय, मान्य. बंगळुरूच्या ‘द केन’ने २०१६ पासून पैसे घेऊनच बातम्या दिल्या. मराठीतही जुने निवडक लेख वर्गणीदारांना देणारं ‘पुनश्च’ निघालं. पण ती वाचनाची हौस असलेली माणसं आहेत. तुझा सेक्रेटरी हौसेने वाचणार आहे का? त्याला पार्किंगची भांडणं सोडवायची असतात.”

“म्हणूनच देईल. आणि काका, खरं तर तो देणारच नाही. सोसायटी देईल.”

साऱ्या वादात इतका मोलाचा मुद्दा दुसरा नाही. पैसे कोण देतं एवढाच प्रश्न नसतो, ते कुठल्या खिशातून येतात हाही असतो. सेक्रेटरी स्वतःच्या पाकिटातून दोनशे रुपये काढताना दहादा विचार करील. पण सोसायटीच्या खर्चाच्या पत्रकात छपाई आणि लेखनसामग्री, ऑडिट फी, प्रशिक्षण असे रकाने आधीच असतात. एका चुकीच्या नोटिशीपायी उपनिबंधकाच्या कार्यालयात घालावे लागणारे हेलपाटे त्याने भोगलेले असतात. महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायट्या लाखाहून जास्त आहेत. त्यातल्या चारशेंनी वर्षाला २,४०० रुपये दिले तर ९,६०,००० रुपये होतात. आकडा अंदाजाचा आहे, पण हजार सोसायट्यांमागे चार एवढंच त्याचं मागणं आहे. ही वर्गणी चेकने येईल, त्यावर सेक्रेटरीबरोबर अध्यक्षांची किंवा खजिनदाराची सही लागेल, आणि पावती मागितली जाईल. तेव्हा पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून तयार हवं. सेवांच्या धंद्याला वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्यामुळे पहिली काही वर्षं कागदपत्रांचा व्याप मोठा नाही.

काकांनी आणखी एक प्रश्न विचारला आणि तो जाहिरातवाल्याचा होता: “त्यात असणार काय? मला एक अंक दाखव.”

तिने ऑगस्टचा अंक कागदावर मांडून दाखवला. मथळा सरळ: वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस कधी निघाली पाहिजे? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी लागते. म्हणजे शेवटच्या रविवारी सभा ठेवायची असेल तर नोटीस कोणत्या तारखेला फलकावर लागायला हवी, ते कॅलेंडरवर खूण करून दिलेलं. खाली नोटिशीचा मसुदा, सोसायटीचं नाव घालून छापता येईल असा. मग एक छोटं गणित. इमारतीच्या बांधकामाचा खर्च दोन कोटी असेल तर सिंकिंग फंड वर्षाला किमान पाव टक्का, म्हणजे ५०,००० रुपये, आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का, म्हणजे १,५०,००० रुपये. तुमच्या ताळेबंदात हे आकडे जुळतात का ते बघा. मग एका वाचकाचा प्रश्न: भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस किती लावता येतात? उत्तर: सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. शेवटी पुढच्या अंकाची सूचना: पुनर्विकासाचा विचार असेल तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आधी वाचायचा, आणि त्यातले टप्पे कोणते.

काकांनी ते पान दोनदा वाचलं. “हे फुकट देऊ नकोस,” असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “याच्या खाली वॉटरप्रूफिंगवाल्याची जाहिरात शोभेल.”

“काका!”

“का? तुझे सगळे वाचक कमिटीवरचे. गच्ची गळते कोणाची? त्यांची. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन त्याला जे सेक्रेटरी मिळत नाहीत, ते तुझ्या यादीत एका जागी आहेत. हजारी पाचशेचा हिशेब इथे लावूच नकोस. एका अंकाला एकच प्रायोजक, ठोक आठ हजार. वर्षाचे चाळीस अंक विकलेस तर तीन लाख वीस हजार.”

आकडा काकांचाच, धरलेला. पण विचार पक्का आहे, आणि पुतणीच्या पहिल्या गणितातली गफलत त्यांनी नेमकी दाखवली. जाहिरातीचा दर वाचकांच्या संख्येवर ठरतो तो सर्वसाधारण पत्रांत. ज्या पत्राचे वाचक खरेदीचा निर्णय घेणारे असतात, तिथे तो निर्णयाच्या किमतीवर ठरतो. अमेरिकेत ‘इंडस्ट्री डाइव्ह’ या कंपनीने किराणा दुकानदारी, कचरा व्यवस्थापन, बांधकाम अशा एकेका व्यवसायासाठी फुकट पत्रं काढली आणि त्या त्या व्यवसायाला माल विकणाऱ्यांकडून जाहिराती घेतल्या. २०२२ मध्ये इन्फॉर्मा या ब्रिटिश कंपनीने ती विकत घेतली. कचरा व्यवस्थापनावर रोज वाचणाऱ्यांची संख्या थोडी असते, पण कचऱ्याचे ट्रक विकणाऱ्याला दुसरं कोणी नकोच असतं.

तरीही पुतणीची अडचण खरीच होती. “उद्या मला लिहायचं असेल की वॉटरप्रूफिंगचं टेंडर काढताना तीन कोटेशन घ्या आणि हमी लेखी मागा. त्याच अंकात त्याच धंद्यातला माणूस पैसे देऊन बसलेला. मी हात आखडता घेणार. वाचकाला ते कळतं.”

“आम्ही संपादकांना जाहिरातीचं पान छापायच्या आधी दाखवायचोच नाही.”

“तुमच्याकडे संपादक वेगळे होते, काका. माझ्याकडे दोन्ही खुर्च्यांवर मीच.”

एकट्याने पत्र चालवणाऱ्याची हीच खरी कोंडी आहे, आणि ती सोडवायला नियम करावा लागतो. नियम साधा: ज्या आठवड्यात दुरुस्तीचा विषय, त्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याची जाहिरात नाही. प्रायोजकाचा मजकूर वेगळ्या चौकटीत, वर ‘जाहिरात’ असं लिहून. आणि शिफारस कधीच नाही. हे तिन्ही नियम दरपत्रकावर छापावेत, म्हणजे प्रायोजकाला आधीच माहीत असतात. काही प्रायोजक निघून जातील, आणि ते गेलेलेच बरे.

तिसरी वाट दोघांच्याही बोलण्यात नव्हती, पण तिची भारतातली उदाहरणं भक्कम आहेत. ‘फिनशॉट्स’ हे अर्थविषयक इंग्रजी पत्र २०१९ पासून रोज फुकट येतं, तीन मिनिटांत वाचून होतं. झेरोधा या शेअर दलाली कंपनीच्या रेनमॅटर या गुंतवणूक शाखेचं त्यात भांडवल आहे. ते काढणाऱ्या कंपनीने पुढे ‘डिट्टो’ ही विमा सल्ला देणारी सेवा सुरू केली. वाचकाचा विश्वास पत्रातून जमला आणि कमाई विम्यातून झाली. ‘द हसल’ हे अमेरिकन पत्र २०२१ मध्ये हबस्पॉट या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतलं तेही याच हिशेबाने. छोट्या उद्योजकांची तयार यादी आणि त्यांची वाचायची सवय, यांचे पैसे त्या कंपनीने मोजले. मराठीला ही कल्पना परकी नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती कारखान्याचं पत्रक म्हणूनच. वाचकांना ती आवडली, वाढली, १९२९ पासून नुसतं ‘किर्लोस्कर’ झाली, आणि पुढच्या पाच वर्षांत ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडं निघाली. नांगर आणि पंप विकणाऱ्या कारखान्याचं पत्रक मराठीतल्या नामवंत मासिकांत गणलं गेलं.

पुतणीला ही वाट सोपी आहे. हिशेब लिहिण्याचं काम ती आजही करते, आणि पत्राचे वाचक उद्या ते काम घेऊन येतील. धोकाही तिथेच आहे. पत्र नुसतं कामं मिळवायचं साधन झालं की अंक निघायचे थांबतात, कारण कामं मिळाली की मंगळवार मोकळा राहत नाही.

आता काकांचा सगळ्यात कठीण आक्षेप. “हे सगळं ईमेलवर का? सेक्रेटरी ईमेल उघडत नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. तिथे ग्रुप कर, चॅनेल कर, दोन दिवसांत हजार माणसं.”

“होतील. पण ती माझी नसतील. चॅनेलवर कोण आलं, त्याचा नंबर काय, हे मला दिसत नाही. उद्या नियम बदलला की मी रिकाम्या हाताने उभी. ईमेलची यादी माझ्याजवळ राहते. ट्विटरने ‘रिव्ह्यू’ ही पत्रं पाठवायची सेवा विकत घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. मेलचिंपची ‘टायनीलेटर’ ही तशीच सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. तिथले लेखक आपली यादी उतरवून घेऊन दुसरीकडे गेले आणि वाचकांना पुढचा अंक पोचला.”

“बरं. पण उघडणार कोण?”

इथे पुतणीचं उत्तर अपुरं होतं आणि काकांची शंका रास्त. मराठी वाचक ईमेल बघतो तो बँकेचं पत्र आणि कार्यालयाचं काम म्हणून. पण याच कारणासाठी कामाच्या विषयाचं पत्र तिथे टिकू शकतं आणि कवितेचं टिकणं अवघड जातं. सोसायटीचा ईमेल पत्ता असतो, त्यावर बिलं येतात, ऑडिटरची पत्रं येतात. व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग दारावरच्या पाटीसारखा करावा. तिथे अंकातला एक मुद्दा द्यावा, आणि नोटिशीचा मसुदा हवा असेल तर ईमेल पत्ता नोंदवा असं सांगावं. एक बारीक गोष्ट इथे विसरता कामा नये. बऱ्याच सोसायट्यांत तो पत्ता सेक्रेटरीच्या खासगी जीमेलचा असतो. कमिटीची मुदत पाच वर्षांची. नवी कमिटी आली की वर्गणीदार हरवला. म्हणून नोंदणीच्या वेळीच सोसायटीच्या नावाचा पत्ता मागायचा आणि खजिनदाराचा दुसरा पत्ता जोडून घ्यायचा.

“पत्ते मीच मिळवून देतो,” काकांना उत्साह आला. “आम्ही टेलिफोन डिरेक्टरीतून पत्ते उतरवून हजारो लोकांना नमुना अंक पाठवायचो. आता तर याद्या विकत मिळतात.”

“नाही, काका. तेवढं अजिबात नको.”

ती का नको म्हणाली ते तांत्रिक आहे, पण धंद्याचा जीव तिथे आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी नियम कडक केले. पाठवणाऱ्याचं डोमेन त्याचंच आहे हे एसपीएफ किंवा डीकेआयएम या नोंदीने सिद्ध करावं लागतं, मोठ्या संख्येने पाठवणाऱ्याला या दोन्ही आणि डीमार्कही लागतं. दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्याला एका टिचकीत नाव काढून घ्यायची सोय द्यावी लागते. आणि ‘स्पॅम’ म्हणून तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. हजारात तिघं. विकत घेतलेल्या यादीतल्या हजार अनोळखी माणसांना पत्र गेलं तर तक्रार करणारे तिघांच्या वर सहज जातात, आणि मग ज्यांनी हौसेने नाव दिलं त्यांचीही पत्रं स्पॅमच्या खोक्यात पडतात. टपालखातं असं करत नव्हतं. नकोसा नमुना अंक रद्दीत जायचा, बाकीच्यांना पुढचा अंक बिनबोभाट मिळायचा. त्याशिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. संमतीशिवाय माणसाची माहिती वापरणं कायद्याच्या दृष्टीनेही अवघड होत चाललं आहे.

किती लोकांनी पत्र उघडलं, हा आकडाही पूर्वीसारखा विश्वासाचा नाही. पत्रात एक न दिसणारं ठिपक्याएवढं चित्र असतं. ते उतरलं की पत्र उघडलं असं धरतात. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये ही चित्रं माणसाने पत्र उघडलं नाही तरी आधीच उतरवली जातात, म्हणून आकडा फुगतो. काकांनी हे ऐकल्यावर जाहिरातवाल्याच्या सवयीने विचारलं, “मग प्रायोजकाला दाखवायचं काय?” किती जणांनी दुव्यावर टिचकी मारली, किती जणांनी फोन केला, किती सोसायट्यांनी मसुदा उतरवून घेतला. आणि सर्वांत चांगला पुरावा म्हणजे वाचकांनी पत्राला दिलेली उत्तरं. आठवड्याला वीस सेक्रेटरी प्रश्न विचारत असतील तर प्रायोजकाला दुसरा आकडा दाखवायची गरज नाही.

पैसे घ्यायच्या सोयीबद्दल दोघांचं एकमत लवकर झालं. सबस्टॅक वर्गणीतले दहा टक्के घेतं. ९,६०,००० वर ते ९६,००० होतात. शिवाय त्याची वर्गणी स्ट्राइप या कंपनीमार्फत जमा होते, आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवी खाती केवळ निमंत्रणाने द्यायला सुरुवात केली. म्हणून पत्र पाठवायची सेवा वेगळी, ठराविक मासिक भाड्याची घ्यावी आणि वर्गणी यूपीआय, एनईएफटी किंवा चेकने स्वतःच्या खात्यात घ्यावी. कार्डावरून आपोआप वर्गणी कापून घ्यायची व्यवस्था भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसवावी लागते आणि आधी सूचना द्यावी लागते. वार्षिक वर्गणीला त्या खटाटोपाची गरजच नाही.

“आणि एआय?” काकांचा शेवटचा बाण. “उपविधीचा प्रश्न मोबाइलला विचारला की उत्तर मिळतं. फुकट.”

“मिळतं. गेल्या महिन्यात एका कमिटीने तसंच उत्तर घेऊन नोटीस काढली, त्यात कलम दुसऱ्याच राज्याच्या कायद्याचं. उत्तर चुकलं तर जबाबदार कोण? माझ्या पत्राखाली माझं नाव असतं. आणि कोणता प्रश्न ऑगस्टमध्ये विचारायला हवा हे मोबाइल आपणहून सांगत नाही.”

हे काकांना पटलं. वर्गणीचं मात्र पटलं नाही. पहिल्या वर्षी चारशे येतीलही, त्यांचं म्हणणं, पण दुसऱ्या वर्षी नूतनीकरण किती करतील? मासिकाच्या धंद्यातला हा सगळ्यात जुना घाव आहे आणि त्यावर पुतणीकडे आज उत्तर नाही, असूही शकत नाही. ते पहिल्या वर्षाच्या शेवटी कळेल. तोपर्यंत काकांचा एक प्रायोजक हा नूतनीकरणाच्या खड्ड्यावरचा आधार म्हणून तिने मान्य केला. महिन्यातल्या चार अंकांपैकी एक अंक पूर्ण सगळ्यांना फुकट, त्यात प्रायोजक. उरलेले वर्गणीदारांना, त्यात जाहिरात नाही. काकांच्या चाळीस अंकांऐवजी बारा, आणि तीन लाख वीस हजारांऐवजी ९६,०००. काकांनी आठ हजारांचा आकडा कमी करू दिला नाही.

या वादात पुतणीची बाजू जड आहे, असं या लेखकाचं मत आहे, आणि त्याचं कारण मराठी वाचकाचं औदार्य हे नाही. मराठीत सर्वसाधारण विषयावरच्या पत्राला लाखांचा वाचकवर्ग आणि त्यासोबत येणारी जाहिरात मिळवायला भांडवल लागतं, ते एकट्या माणसाकडे नसतं. एका कामाच्या, एका निर्णयाच्या भोवती पत्र काढलं तर चारशे गिऱ्हाइकं पुरतात. आणि अशी कामं मराठीतून चालतात ती फक्त सोसायट्यांची नाहीत. पतसंस्थांचे व्यवस्थापक, दूध संस्थांचे सचिव, निर्यातीची द्राक्षं काढणारे बागायतदार, औषध दुकानदार, ग्रामपंचायत अधिकारी, खासगी शाळांचे संस्थाचालक, या सगळ्यांच्या कामाचे नियम, दर आणि मुदती सतत बदलतात. ते बहुतेक वेळा इंग्रजीत किंवा कळायला अवघड शासकीय मराठीत येतात. या कामांत वर्षानुवर्षं मुरलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांच्यातल्या कोणी ठरल्या वारी सोप्या मराठीत पत्र पाठवायला लागलं तर त्याला गिऱ्हाईक आहे.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी वर्गणीचा आकडा पहिल्याच अंकात छापावा, जरी पहिले दहा अंक फुकट द्यायचे असले तरी. पुढे पैसे लागणार हे ज्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं ते दहाव्या अंकानंतर नाराज होत नाहीत. आणि विषय सोसायट्यांचा असेल तर मुहूर्त मे-जूनचा धरावा. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपलेलं असतं, ऑडिट सुरू असतं, आणि ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची असल्यामुळे जुलैपासून प्रत्येक कमिटी नोटिशीचा मसुदा शोधत असते.